दोन कड्यांमधली वाट

१८८५ सालचा जून. मुंबईहून निघालेल्या टपालाच्या आगबोटीतून तुम्ही मस्कतच्या बंदरात उतरता आणि पहिल्यांदा जाणवतं ते हे, की इथे वारा नाही. भोवती काळे, उघडेबोडके कडे. त्यांवर समोरासमोर जलाली आणि मिरानी हे किल्ले. खडकांवर येऊन गेलेल्या जहाजांची नावं रंगवलेली. धक्क्यावर कच्छी भाटियांचे मुनीम खजुराची पोती मोजतायत. इथे आपल्या भाषेतलं कोण भेटणार, असं तुम्हाला वाटतं. पण भेटतं.

इंग्रज एजन्सीचे सर्जन आहेत डॉ. आत्माराम सदाशिव जयकर. जन्म १८४४, नोकरी इंडियन मेडिकल सर्व्हिसची. त्यांच्या खोलीत औषधांच्या बाटल्यांपेक्षा स्पिरिटमध्ये बुडवलेल्या मासे-पालींच्या बाटल्या जास्त दिसल्या, तर नवल वाटून घेऊ नका. हे नमुने लंडनला ब्रिटिश म्युझियमकडे जातात. १८८८ साली वाळूतल्या एका सापाला जयकरांचं नाव लागेल, १८९४ साली ओमानच्या डोंगरातल्या रानबकऱ्याला आणि पुढे एका समुद्रघोड्यालाही. ओमानी अरबी बोलीवर ते निबंध लिहितील, अद-दमीरीचा प्राणिकोश इंग्रजीत आणतील. अरबस्तानातल्या जीवसृष्टीचं कोणतंही जाड पुस्तक उघडलं की हा मराठी माणूस भेटतो; मराठी पुस्तकांत मात्र त्यांना शोधावं लागतं. असो. तुम्ही आलात ते गळ्यासाठी.

त्या काळच्या लष्करी सर्जनच्या पेटीत असते तशी एक वाकडी नळी हातात घ्या. चांदीची, दुहेरी: बाहेरची गळ्यात राहते, आतली काढून धुता येते. ही मुख्यतः घटसर्पासाठी. मुलाच्या घशात करडा पडदा धरतो, श्वास घेताना छातीची हाडं आत ओढली जातात, ओठ निळे पडतात. अशा वेळी सर्जन मानेच्या मध्यावर उभी चीर देतो, श्वासनलिकेची कूर्चेची वलयं उघडी करतो आणि ती चिरून नळी आत सारतो. पॅरिसमध्ये त्रूसो यांनी ही शस्त्रक्रिया शेकडो मुलांवर केली. त्यांच्या हातची साधारण पाव मुलं वाचली. आज हा आकडा भयंकर वाटतो. तेव्हा तो आशेचा होता.

एक गोष्ट मात्र नीट पाहून ठेवा. या मुलाची फुप्फुसं चालू आहेत, छातीचे स्नायू चालू आहेत, अडलंय ते वर घशाशी. नळी म्हणजे अडथळ्याच्या खालून काढलेली वाट. श्वास त्याचा तोच घेतो. पुढच्या सव्वाशे वर्षांत गळ्यातली जागा तीच राहील, पण तिथे नळी घालण्याचं कारण पार बदलून जाईल. नळी घालण्याच्या सुरीच्या आणि सुईच्या, अशा दोन पद्धतींची तुलना करताना हे विसरलं, की सगळी चर्चा भरकटते.

मस्कत सोडण्याआधी किनाऱ्याने वायव्येला सोहारपर्यंत एक धावती फेरी मारा, आणि मागे, अकराव्या शतकात. इथला एक वैद्य, इब्न अल-धहबी, फिरत फिरत पार अंदालुसियाला गेला आणि १०६४ साली वालेन्सियात वारला. त्याने लिहिलेल्या वैद्यककोशाचं नाव ‘किताब अल-मा’, म्हणजे पाण्याचं पुस्तक. त्याच अंदालुसियात अल-झहरावींनी गळा चिरून घेतलेल्या एका दासीची जखम शिवली होती. जखमेतून हवा फुसफुसत होती, तरी ती बरी झाली आणि श्वासनलिकेला छेद दिला म्हणजे माणूस मेलाच, ही भीती खोटी ठरली. पुढे बाराव्या शतकात इब्न झुह्र यांनी एका बकरीची श्वासनलिका उघडून ती भरून येते का, ते पाहिलं. आली. माणसावर हात टाकण्याआधी प्राण्यावर पडताळा घेण्याची ही पद्धत आपण उगाच आधुनिक समजतो.

आता मुत्रा, १९६० च्या आसपास. मस्कतपासून डोंगराच्या एका वळशापलीकडे. रात्र पडली की मस्कत शहराचा दरवाजा बंद होतो आणि गल्लीतून चालायचं तर हातात कंदील हवा, हा सुलतानाचा हुकूम. अख्ख्या देशात डांबरी रस्ता जेमतेम दहा किलोमीटर. मुत्र्यातलं अमेरिकन मिशनचं रुग्णालय म्हणजे लोकांचा मोठा आधार. इथे डॉ. वेल्स थॉम्स १९३९ पासून आहेत. त्यांचे वडील डॉ. शॅरन थॉम्सही इथेच डॉक्टर होते. १९१३ साली मस्कत-मुत्रा टेलिफोनची तार ओढताना खांबावरून पडून गेले. डॉक्टरला खांबावर चढावं लागत होतं, यावरून बाकीच्या सोयींचा अंदाज करा. बेशुद्ध माणसाला आठवडाभर यंत्राच्या श्वासावर जगवणं, ही कल्पनाही या गावात अजून पोचलेली नाही. ती तिकडे उत्तरेत, एका साथीत जन्माला आलीय. चला तिथे.

कोपनहेगन, ऑगस्ट १९५२. ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओचे रोगी रोज पन्नास-पन्नासने येतायत. हातापायांबरोबर गिळण्याचे आणि श्वासाचे स्नायूही लुळे पडलेले. संपूर्ण शरीर आत घेणारं लोखंडी श्वासयंत्र एकच, आणि छातीवर बसणारी कवचं सहा. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या एकतीस जणांपैकी सत्तावीस गेले. प्रमुख डॉ. लासेन यांनी भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांना बोलावलं. २७ ऑगस्टला बारा वर्षांची एक मुलगी शेवटच्या घटका मोजत होती. तिच्या गळ्याला छेद देऊन फुगा असलेली रबरी नळी बसवली, आणि इब्सेन यांनी रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरली. मुलगी जगली.

इथे तुम्हाला नुसतं बघत उभं राहता येणार नाही. वैद्यकीय विद्यार्थी कमी पडतायत. एका खाटेपाशी बसा आणि पिशवी हातात घ्या. दाबा, सोडा. दाबा, सोडा. सहा तासांची पाळी. रोग्याच्या डोळ्यांकडे बघत राहा, कारण त्याला बोलता येत नाही आणि हवा पुरत नसेल तर ते डोळेच सांगणार. एका वेळी सत्तर सत्तर माणसं अशी हातांवर जगवली जातात. साथ संपेतो सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी हे काम केलेलं असेल. मरणाचं प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या पुढून निम्म्याखाली येतं. पुढच्याच वर्षी इब्सेन याच शहरात पहिला अतिदक्षता विभाग उभा करतात.

गळ्यातल्या नळीचा अर्थ या खाटांवर बदलला. वर काही अडलेलं नाही; श्वास घेणारंच कुणी नाही. नळी आता यंत्रासाठी आहे. घाई नाही, त्यामुळे निवड करता येते: आज की आठवड्याने, शस्त्रक्रियागृहात की खाटेवरच, सुरीने की सुईने.

ही सुई कुठून आली ते पाहायला १९८५ सालच्या न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका या गावी थांबा. पास्क्वाले चाल्या नावाचे छातीचे सर्जन आहेत. मूत्रपिंडापर्यंत त्वचेतून वाट करताना मूत्ररोगतज्ज्ञ आधी सुई घालतात, सुईतून तार सोडतात आणि तारेवरून चढत्या जाडीच्या नळ्या सरकवत वाट रुंद करतात. चाल्यांनी तोच संच गळ्यासाठी उचलला. चीर जेमतेम बोटाच्या पेराएवढी. कापण्याऐवजी उती ताणून बाजूला सारायच्या. पुढे १९९० साली ऑस्ट्रेलियात ग्रिग्ज यांनी तारेवरून जाणारा चिमटा आणला, आणि नंतर अनेक नळ्यांऐवजी एकच निमुळता, वाकडा, पाण्याने बुळबुळीत होणारा विस्फारक आला. चाल्यांनी सुरुवातीला जागा थोडी वरची निवडली होती, स्वरयंत्राला लागून. पण तिथे नळी घातली तर पुढे वाट आवळते, हे फिलाडेल्फियाचे शव्हॅलिये जॅक्सन १९२१ सालीच सांगून गेले होते. मग सगळेच खाली, दुसऱ्या-तिसऱ्या वलयाकडे उतरले. नवी युक्ती आली तरी जुन्या सर्जनची ताकीद उपयोगी पडली, हे मला फार आवडतं.

आता परत मस्कत, आजचं. १९७० नंतर हा देश एका पिढीत बदलला. १९८७ साली रॉयल हॉस्पिटल, १९९० साली सुलतान काबूस विद्यापीठाचं रुग्णालय. अपघात आणि मेंदूच्या शस्त्रक्रियांसाठी खौला. दरवाजा रात्री मिटायचा त्या गावाभोवती आता सहापदरी रस्ते आहेत, आणि अतिदक्षता विभागातली बरीच माणसं याच रस्त्यांवरून येतात.

तुम्ही उभे आहात अशाच एका विभागात. खरीफचा मोसम, म्हणजे सलालाहमध्ये पावसाची भुरभुर आणि ती बघायला सगळा देश अदम-हैमाच्या वाळवंटी रस्त्याने दक्षिणेला धावणारा. समोर चिपळूणकडचा एक क्रेनचालक आहे. डोक्याला मार, वर न्यूमोनिया. तोंडातून घातलेल्या नळीवर आज नववा दिवस. नळीमुळे ओठाच्या कडेला व्रण पडलाय. ती सहन व्हावी म्हणून गुंगीचं औषध द्यावं लागतं, आणि गुंगीमुळे तो जागा होतोय की नाही ते कळत नाही. सिस्टर केरळच्या, सर्जन ओमानी, भूलतज्ज्ञ बाई पुण्याच्या. काचेबाहेर रुवीहून आलेला त्याचा मेव्हणा.

“मॅडम, गळ्याला भोक म्हणजे ते आता कायमचंच ना?”

“नाही हो दादा. श्वास त्याचा त्याला जमायला लागला, खोकून थुंकी बाहेर टाकता आली, की नळी काढायची. भोक आपोआप मिटतं.”

“मग आधीच का नाही केलं?”

प्रश्न साधा आहे आणि त्यावर ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झालीय. ‘ट्रॅकमन’ नावाच्या त्या अभ्यासात ९०९ रोगी होते: काहींना चार दिवसांच्या आत गळ्यातली नळी, काहींना दहा दिवस थांबून, तेही गरज उरली तरच. तीस दिवसांतल्या मृत्यूंत फरक पडला नाही. पण थांबलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना नळी लागलीच नाही. कोण लवकर सुटेल याचा डॉक्टरांचा अंदाज चुकतो, एवढाच याचा अर्थ. बाई मेव्हण्याला म्हणतात, “थांबलो कारण कदाचित लागलीच नसती. आता लागेल असं दिसतंय.”

“पीडीटी करू या की ओपन?” सर्जन विचारतात. पीडीटी, म्हणजे ‘पर्क्युटेनियस’, ही चाल्यांची सुई. ओपन म्हणजे सुरी. मान लांब आहे, श्वासनलिका बोटाला लागते, रक्त गोठण्याचे आकडे ठीक आहेत, ऑक्सिजनची गरज फार नाही. पीडीटी, खाटेवरच. हा ‘खाटेवरच’ शब्द मोलाचा आहे. शस्त्रक्रियागृहापर्यंत न्यायचं तर व्हेंटिलेटर, चार पंप आणि मॉनिटर घेऊन लिफ्टमध्ये शिरायचं, आणि लिफ्टमध्ये नळी निसटली तर तिथे मदतीला कोण?

हाताला काम घ्या: तुम्ही डोक्याशी उभे राहा. खांद्याखाली उशी, मान मागे. शंभर टक्के ऑक्सिजन, भूल, स्नायू शिथिल. तोंडातली नळी हळूच मागे ओढा, फुगा स्वरतंतूंच्या जरा खाली येईपर्यंत. फार ओढलीत तर नळीच बाहेर येईल. कमी ओढलीत तर सर्जनची सुई फुगा फोडेल. अख्ख्या प्रक्रियेत सगळ्यात अवघड जागा तुमची आहे, गळ्याशी उभ्या असलेल्याची नव्हे. नळीतून सोडलेल्या दुर्बिणीचं चित्र पडद्यावर बघा: गुलाबी बोगदा, वर कूर्चेच्या पांढऱ्या कमानी. बाहेरून सर्जन बोटाने दाबतात तिथे छत खाली दबतं. मग सुईचं टोक डोकावतं. बरोबर मध्यावर आहे का? घड्याळाच्या बाराच्या ठिकाणी? मागची भिंत शाबूत आहे ना? तिच्या पलीकडे लगेच अन्ननलिका आहे. पिचकारीत बुडबुडे येतात, तार आत जाते, विस्फारक ओला करून तारेवरून उतरतो, निघतो, आणि नळी बसते. पंधरा मिनिटंही लागत नाहीत. पण टाळ्या नंतर. आधी मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडची चौकोनी लाट दिसू द्या. ती दिसली नाही, तर नळी श्वासनलिकेत नाही, मग ती बाहेरून कितीही छान बसलेली दिसो.

पलीकडच्या खाटेवर मात्र आज ओपन ठरलीय. तिथल्या रोगी बाईंना मोठं गलगंड आहे, मान आखूड, आणि मध्यावर नाडीसारखं काही उडतंय. अल्ट्रासाउंडने पाहिलं तर सुईच्या वाटेतच रक्तवाहिनी. इथे सर्जनला डोळ्यांनी बघत जायचंय: आडवी चीर, स्नायू बाजूला, थायरॉइडचा मधला पूल बांधून कापायचा, वाहिन्या एकेक बांधायच्या, श्वासनलिका समोर उघडी. लहान मुलं, पूर्वी शस्त्रक्रिया झालेली मान, अस्थिर मणके, अशांसाठीही साधारण हाच रस्ता. कुणी म्हणेल जुनी पद्धत. मला तिला जुनी म्हणवत नाही. सुईने काम करणाऱ्या माणसाचं फसलं, तर तो हाक मारतो ती सुरीवाल्यालाच.

मग सरस कोणती? २०१६ सालच्या कॉक्रेन आढाव्याने वीस चाचण्या आणि १,६५२ रोगी एकत्र पाहिले. सुईच्या पद्धतीत जखमेचा संसर्ग सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी, व्रणही कमी बेढब. कारण सरळ आहे: ताणलेली उती नळीला घट्ट बिलगते, पू साचायला फट उरत नाही. मृत्यू आणि मोठा रक्तस्राव यांत ठोस फरक दिसला नाही. म्हणजे नीट निवडलेल्या रोग्यात सुई चांगली. पण जीव वाचवण्यात ती सुरीपेक्षा सरस आहे, असं या आकड्यांतून निघत नाही.

आणि आता खरा मुद्दा. तुम्ही पाचव्या रात्री तीन वाजता परत या. क्रेनचालकाला कूस बदलवताना व्हेंटिलेटरची नळी ओढली जाते आणि गळ्यातली नळी बाहेर. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर धावतो. काय करेल? ओपन पद्धतीत सर्जनने श्वासनलिकेच्या कडेला दोन टाके बाहेर सोडलेले असतात, तर ते ओढून भोक वर आणता येतं. पीडीटीत मात्र ज्या घट्टपणाचं एवढं कौतुक केलं, तोच आता उलटतो: ताणलेली उती पटकन मिटते, वाट हरवते, अंधारात नळी खुपसली तर ती श्वासनलिकेसमोरच्या मांसात जाऊन बसते. पहिला आठवडा-दहा दिवस नियम एकच: भोकात चाचपडू नका, वरून ऑक्सिजन द्या, तोंडातून नळी घाला. आज तो डॉक्टर तेच करतो. खाटेच्या डोक्याशी लावलेल्या कागदावर ठळक लिहिलेलं असतं म्हणून: तारीख, नळीचा आकार, ‘पर्क्युटेनियस’, वरचा श्वासमार्ग मोकळा. ब्रिटनमध्ये २०११ साली श्वासमार्गाच्या दुर्घटनांच्या देशभरच्या पाहणीचा अहवाल आला, तेव्हा अतिदक्षता विभागातले बरेच अनर्थ असेच निघाले: आधीच बसवलेली नळी सरकल्याचे, आणि कार्बन डायऑक्साइडची लाट बघायला यंत्र नसल्याचे. तुलना पहिल्या दिवसाची होते, आणि घात पाचव्या रात्री. परिषदांमध्ये सुई की सुरी यावर तासभर वाद रंगतो. कागद कोण लावणार यावर कुणी पाच मिनिटं बोलत नाही.

तीन आठवड्यांनी तो यंत्रावरून सुटलाय. दिवसा फुगा रिकामा करून नळीच्या तोंडावर एकमार्गी झडप बसवतात: श्वास नळीतून आत, उच्छ्वास स्वरतंतूंवरून बाहेर. ही झडप डेव्हिड म्यूर या तरुणाने शोधली. तो स्वतः व्हेंटिलेटरवर होता आणि त्याला बोलायचं होतं. चिपळूणहून आईचा फोन येतो. मेव्हणा मोबाइल कानाशी धरतो. “आई, जेवलीस का?” एवढं तो घोगऱ्या आवाजात विचारतो आणि पलीकडून नुसता कालवा ऐकू येतो.

थुंकी अजून दाट आहे, म्हणून नळी ठेवूनच त्याला मायदेशी न्यायचं ठरतं. मस्कत ते मुंबई, अडीच-तीन तास, स्ट्रेचरवर. तुम्ही सोबत आहात. विमान वर चढलं की केबिनमधला दाब कमी होतो आणि बंद फुग्यातली हवा सुमारे तिसऱ्या हिश्श्याने फुगते, गळ्यातला फुगाही. आतला दाब वीस ते तीस सेंटीमीटर पाण्याइतका हवा. त्यावर गेला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणून चढताना दाबमापक लावून थोडी हवा काढायची आणि उतरताना पुन्हा भरायची, नाहीतर उलट गळती होऊन लाळ खाली उतरेल. सक्शन यंत्राची बॅटरी भरलेली, आकाराने एक नंबर लहान असलेली सुटी नळी खिशात.

आणि पिशवीतल्या कागदांत मुंबईच्या डॉक्टरांसाठी पुण्याच्या बाईंनी पहिल्याच ओळीत हाताने लिहिलंय: पर्क्युटेनियस, दुसऱ्या-तिसऱ्या वलयामध्ये, पाचव्या रात्री निसटली होती, तोंडातून नळी घालून दोन दिवसांनी पुन्हा बसवली, वरून इंट्युबेशन सोपं.